हळदीच्या पावाशेजारी कोणता पाव ठेवला होता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांमध्ये विज्ञान प्रदर्शनांची तयारी सुरू होते आणि २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनापर्यंत कुठे ना कुठे प्रदर्शन भरलेले असते. सूक्ष्मजीवांच्या वाढीवरचे प्रयोग त्यांत हमखास दिसतात: पावावरची बुरशी, साखरेच्या पाण्यात फुगा फुगवणारे यीस्ट, मातीच्या आणि स्टीलच्या भांड्यांत लावलेले दही. साहित्य घरचे, खर्च नगण्य आणि निकाल डोळ्यांना दिसणारा, त्यामुळे शाळेसाठी हे प्रयोग उत्तमच आहेत. मात्र परीक्षक म्हणून ते पाहताना एक उणीव मला वारंवार जाणवते, आणि तिची जबाबदारी विद्यार्थ्यांपेक्षा शिक्षक व परीक्षकांवर अधिक आहे. ज्या दोन परिस्थितींची तुलना चालली आहे त्यांच्यात खरोखर एकच फरक आहे का, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

हळदीचा प्रयोग घ्या. पावाच्या एका तुकड्याला हळदीची पूड चोळतात, दुसरा तसाच ठेवतात. काही दिवसांनी साध्या तुकड्यावर बुरशी येते, हळदीच्या तुकड्यावर येत नाही, आणि तक्त्यावर निष्कर्ष झळकतो की हळद बुरशीनाशक आहे. हळदीतील करक्युमिनचा सूक्ष्मजीवांवर होणारा परिणाम प्रयोगशाळांत अभ्यासला गेला आहे, तेव्हा हे विधान निराधार आहे असे मी म्हणत नाही. परंतु या प्रयोगातून ते सिद्ध होत नाही. कोरडी पूड पावाच्या पृष्ठभागावरचा ओलावा शोषते आणि ओलाव्याशिवाय बुरशी वाढत नाही, त्यामुळे हळदीचा परिणाम कोणता आणि कोरडेपणाचा कोणता हे सांगताच येत नाही. हळद पाण्यात कालवून लावली तर अडचण उलट बाजूने येते: ओलावा वाढतो, शिवाय मसाल्यांच्या पुडीत बुरशीचे बीजाणू आणि जिवाणू असू शकतात, ते आपल्याच हाताने पावावर पेरले जातात. म्हणून एक तुकडा तितक्याच थेंब पाण्याचा हवा आणि एक तितक्याच वजनाच्या खडूच्या पुडीचा. सगळे तुकडे एकाच लादीतले हवेत, कारण पाकिटबंद पावात पुष्कळदा बुरशी रोखण्यासाठीच कॅल्शियम प्रोपिओनेट घातलेले असते, आणि एक तुकडा पाकिटातला व दुसरा कोपऱ्यावरच्या बेकरीतला असेल तर तुलना हळदीची न राहता पावांची होते.

दह्याचा प्रयोग तर आपल्या घराघरांतला, आणि माझ्या मते सर्वांत बोलका. मातीच्या भांड्यातले दही घट्ट लागते हे खरेच आहे. त्यावरून मातीच्या भांड्यात जिवाणू जास्त वाढतात असा निष्कर्ष मुले काढतात, तो मात्र चुकीच्या मोजमापावर उभा असतो. भांड्याच्या सच्छिद्र भिंती दह्यातले पाणी शोषतात, ते बाहेरच्या बाजूने उडून जाते आणि त्या बाष्पीभवनाने भांडे थंडही राहते. म्हणजे भांडे बदलताना पाण्याचे प्रमाण आणि तापमान या दोन्ही गोष्टी बदलल्या, आणि मोजला गेला तो घट्टपणा. जिवाणूंच्या कामाचा अंदाज हवा असेल तर आम्लता मोजावी. त्यासाठी पीएच कागद पुरतो. नववी-दहावीच्या मुलांना फिनॉल्फ्थॅलीन हा रंग बदलणारा दर्शक वापरून सोडियम हायड्रॉक्साइडने अनुमापनही, म्हणजे आम्ल उदासीन व्हायला किती अल्क लागते ते मोजणेही, जमेल. दूध एकाच पातेल्यात तापवून कोमट करावे, विरजणही त्याच पातेल्यात घालून नीट ढवळावे, आणि मगच ते भांड्यांत वाटावे. प्रत्येक भांड्यात वेगळे चमचाभर विरजण घातले की सुरुवातीची जिवाणूसंख्या बदलते.

हा सुरुवातीचा फरक क्षुल्लक नसतो. अनुकूल माध्यमात, ३७ अंश सेल्सिअसला ई. कोलाय जिवाणू सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो. त्या वेगाने दोन तासांत एकाचे ६४ होतात. जिवाणू वाढवायची एक बशी दोन तास आधी तयार झाली असेल, तर तपासायच्या औषधाचा काडीमात्र परिणाम नसतानाही दोन बशांत मोठी तफावत दिसू शकते.

महाविद्यालयांतही हे घडते. कडुनिंबाचा अर्क अल्कोहोलमध्ये काढून कागदी चकतीवर घेतात आणि चकतीभोवती जिवाणू वाढले नाहीत की तो कडुनिंबाचा गुण मानतात. नुसत्या अल्कोहोलमध्ये भिजवून तितकाच वेळ वाळवलेली चकती शेजारी ठेवायची मात्र राहून जाते.

तुलनेतील अशी त्रुटी थोरामोठ्यांच्या वादातही होती. १८६० च्या दशकात लुई पाश्चर आणि फेलिक्स पुशे या फ्रेंच शास्त्रज्ञांत निर्जीव द्रवात जीव आपोआप उत्पन्न होतात का यावर वाद झाला; पुशे होतात म्हणत, पाश्चर नाही म्हणत. पाश्चर यांचे वक्रनळीचे चंबू आपल्याला पाठ्यपुस्तकातून माहीत आहेत: तोच द्रव, तेच उकळणे, फरक फक्त धूळ आत जाऊ शकते की नाही एवढाच. परंतु पुशे यांच्या उकळलेल्या द्रवात सूक्ष्मजीव वाढत, आणि ते त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले होते. पाश्चर साखर घातलेले यीस्टचे पाणी वापरत, तर पुशे गवताचा काढा. पुढे १८७६-७७ च्या सुमारास फर्डिनांड कोन आणि जॉन टिंडल या शास्त्रज्ञांच्या कामातून स्पष्ट झाले की गवतातील जिवाणूंचे बीजाणू उकळूनही जिवंत राहतात. ‘उकळले’ ही एकच क्रिया दोन द्रवांत सारखी ठरली नव्हती. हा इतिहास वर्गात सांगितला, तर तुलनेचे महत्त्व मुलांना व्याख्येपेक्षा लवकर कळेल असे मला वाटते.

एकेका तुकड्यावर निकाल देण्याची सवयही सोडायला हवी. प्रत्येक परिस्थितीचे निदान तीन नमुने असावेत, तेही वेगवेगळ्या कापांचे. एकाच कापाचे तीन तुकडे करून भागत नाही. खिडकीकडचे नमुने लवकर सुकतात, म्हणून ताटातल्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात. बुरशीचे क्षेत्र पारदर्शक कागदावर गिरवून आलेख कागदाच्या चौकटींनी मोजावे, आणि मोजणाऱ्याला कोणता नमुना कशाचा हे ठाऊक नसावे. यांतल्या कशालाही खर्च येत नाही. सुरक्षेबाबत मात्र तडजोड नको: हाताचे किंवा शौचालयाचे जंतू शाळेत वाढवू नयेत, आणि बुरशीच्या पिशव्या बंदच राहाव्यात, प्रदर्शनात त्या उघडून दाखवू नयेत.

माझी विनंती प्रदर्शनांच्या आयोजकांना आहे. मूल्यमापनाच्या तक्त्यात तुलनेचा नमुना कोणता होता, त्यात आणि मुख्य नमुन्यात नेमका काय फरक होता आणि प्रयोग किती नमुन्यांवर केला, यांसाठी स्वतंत्र गुण असावेत. ज्या गटाने काळजीपूर्वक तुलना करून ‘फरक आढळला नाही’ असे लिहिले असेल, त्यालाही पहिले बक्षीस मिळू शकते हे नियमावलीत स्पष्ट लिहावे. आपल्या वृत्तपत्रालाही आग्रहाची विनंती आहे की अशा प्रयोगांच्या बातम्या छापताना प्रतिनिधींनी विद्यार्थ्यांना हेच प्रश्न विचारावेत आणि त्यांची उत्तरे बातमीत द्यावीत.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका (सूक्ष्मजीवशास्त्र), सातारा