रोटी-बेटीच्या वाटेवर बायकांसाठी एक मोरी बांधा, साहेब

मा. मंत्री महोदय,

नेपाळला जाताना लागणारी सोनौलीची सीमा ज्यांच्या खात्यात येते त्यांना हे पत्र. गृह, परराष्ट्र, अर्थ की रस्ते, चौघांना विचारलं, चौघांनी वेगळं सांगितलं. ज्यांच्या टेबलावर पडेल त्यांनी आपलंच समजावं.

मी एसटीचा निवृत्त वाहक, जिल्हा बुलढाणा. 31 वर्षं घंटीची दोरी माझ्या हातात होती. एखादी म्हातारी "दादा, जरा थांबवता का" म्हणाली की मी बेल मारायचो. उशीर झाला तर आगारात बोलणी खायचो. एवढंच आपल्याला आधी सांगून ठेवतो.

गेल्या महिन्यात आम्ही पशुपतिनाथाला निघालो. खाजगी ट्रॅव्हल्स, 41 माणसं, त्यातली 11 आमच्या घरची. डिकीत शेगडी, भांडी, सोबत आचारी. प्रयाग, काशी, अयोध्या सगळं नीट झालं. गोरखपूर सोडलं आणि सोनौलीच्या अलीकडे रात्री अडीचला बस थांबली, ती दुपारी पावणेबाराला हलली. पुढे ट्रक, मागे ट्रक, दोन्ही बाजूंना चिखल. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा 15 मिनिटं पुढे असतं म्हणतात. आम्ही सव्वानऊ तास मागे.

माझी आई 74 वर्षांची. साखरेची गोळी चालू आहे. साखरेच्या माणसाला लघवी धरवत नाही, हे आपल्याला ठाऊक नसेल, आपल्या गाडीपुढे रस्ता मोकळा करणारी गाडी असते. बायकांनी रस्त्याकडेला दोन लुगडी आडवी धरली. एका ट्रकवाल्याने मुद्दाम हेडलाइट लावला. दुसऱ्याने खाली उतरून, शिव्या घालून तो विझवायला लावला. त्याचे उपकार. आई उतरलीच नाही. तिने पाणी बंद केलं, आम्हाला सांगितलंही नाही.

सीमेपलीकडे, नेपाळच्या भैरहवात तिने डोळे फिरवले. दवाखाना, सलाईन, दोन दिवस. बस बाकीच्यांना घेऊन पोखऱ्याला गेली. सलाईन लावणारी नेपाळी पोरगी म्हणाली, "आमा, पानी खानुस्." त्यांच्याकडे पाणी खातात. आई तेवढ्यापुरती हसली. मग तिथूनच परत. पशुपतिनाथ राहिला.

भारत-नेपाळचा 1950 चा करार आहे, व्हिसा लागत नाही, 1751 किलोमीटरची खुली सीमा आहे, भाषणात रोटी-बेटीचं नातं आहे. बेटी त्या रात्री लुगड्याआड बसली होती, साहेब. 1 जून 2023 ला दोन्ही पंतप्रधानांनी दिल्लीत बसून सोनौली-भैरहवाच्या एकात्मिक तपासणी नाक्याचं भूमिपूजन केलं. ती बातमी मीच आईला वाचून दाखवली होती. 'आता सोपं होईल' म्हणालो होतो. बिहारमध्ये रक्सौलला असा नाका 2016 पासून चालतो, म्हणजे सरकारला जमत नाही असं नाही. एकात्मिक म्हणजे सगळं एका जागी. आमच्या वेळी एका जागी होती ती फक्त बस.

दिवसाला शंभर बस धरा, बसमागे वीस बायका, वर्षाला सात लाखांच्या वर होतात. हिशेब माझा, अंदाजाचा. चुकला असेल तर खरा आकडा आपल्या खात्याने छापावा.

ऑगस्ट 2024 मध्ये आमच्या शेजारच्या वरणगाव-भुसावळची 27 माणसं नेपाळमध्ये मर्स्यांगडी नदीत बस कोसळून गेली. त्यांना आणायला हवाई दलाचं विमान जळगावला आलं. यायलाच हवं होतं. पण मेलेल्याला विमान आणि जिवंत म्हातारीला मोरी नाही, हा कुठला हिशेब? त्याच्या आदल्या वर्षी, 1 जुलैला, माझ्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर 25 जण बसमध्ये जळाले. पाच लाखांची मदत त्याच दिवशी जाहीर झाली. माणूस मेला की फाईल कशी पळते, आणि तोच माणूस जिवंतपणी रांगेत असला की तिच्यावर धूळ बसते! 'एसटी स्टँडवरच्या मुताऱ्यांचं काय' असं आपण म्हणाल. म्हणा. नाकाला रुमाल बांधून 31 वर्षं मीही त्याच वापरल्या. पण होत्या.

प्रवासी बसची रांग ट्रकांपासून वेगळी करा. रांग लागते तिथेच, नाक्याच्या आत नव्हे, बायकांसाठी संडास बांधा. आणि कागद कोणते, पैसे किती, याची पाटी लावा, कारण पहाटे एक माणूस खिडकीशी येऊन "बस पुढे काढून देतो" म्हणाला आणि दीड हजार घेऊन गेला. बस जिथल्या तिथे. आई कण्हत होती म्हणून मी दिले, लाज वाटते.

तक्रारीसोबत पावती जोडा, असं आपलं कार्यालय कळवेल. मी कुणाकडून बिनतिकिटाचा रुपया घेतला नाही, पण त्या माणसाने मला तिकीट फाडून दिलं नाही.

आपला,
एक निवृत्त वाहक