तंबोरा लावून स्पीकर पारखा

मा. संपादक,
स. न.

दसरा-दिवाळी जवळ आली की घरच्या म्युझिक सिस्टिमच्या जाहिराती सुरू होतात आणि ‘वॉर्म साउंड’ हा शब्द दुकानादुकानांतून ऐकू येतो. वॉर्म म्हणजे बहुतेक वेळा ध्वनिमुद्रणात नसलेला, यंत्राने पदरचा घातलेला रंग. तो कानाला गोड लागतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण घेण्याआधी तो ओळखता तरी यावा, आणि त्याची सोय आपल्या जिल्ह्यातच आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सतारमेकर गल्लीत खरा तंबोरा समोर बसून ऐकता येतो.

स्पीकर तपासायला तंबोऱ्यासारखं वाद्य नाही. पांढरी एक पट्टीला खर्जाची तार साधारण ६५ हर्ट्झला लागते, पण कानात भरतात ते तिच्या कितीतरी पट वरचे स्वरांश. घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकला तरी ते उमलतात किंवा मिटतात. स्पीकरला २ ते ४ हजार हर्ट्झच्या आसपास उठाव असेल तर ही जवारी, म्हणजे घोडीवरून उमटणारी तारेची झंकार, पत्र्यासारखी खरखरते. वरची पट्टी, म्हणजे उंच कंपनांचा भाग, दबलेली असेल तर खुली जवारीही बंद वाटते, जणू दोरा निसटलाय. तेव्हा दुकानात जाताना दोन चांगली ध्वनिमुद्रणं न्या, एक पुरुषी तंबोऱ्याचं, एक बायकी. दोन्ही एकाच साच्यातून काढल्यासारखी वाटली तर तो शिक्का यंत्राचा समजावा.

तुलना करताना हमखास फसगत होते ती आवाजाच्या पातळीमुळे. एक डेसिबल मोठा वाजलेला स्पीकर ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. खुर्चीवर कानाच्या उंचीला फोन ठेवून, पिंक नॉइज (चाचणीसाठीचा एकसारखा ‘सूं’ आवाज) लावून, ध्वनिमापक अ‍ॅपवर दोन्ही स्पीकर अर्ध्या डेसिबलच्या आत आणावेत. मधे पडदा असला तर उत्तमच. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी कॅनडात अशाच झाकलेल्या स्पीकरांवर चाचण्या घेतल्या, तेव्हा बहुतेकांनी सपाट, सरळ प्रतिसादाचेच, म्हणजे कुठलाही स्वर न उठवणारे-न दाबणारे स्पीकर पसंत केले. गोडवा आणि अचूकपणा यांचं वैर आपण समजतो तेवढं नाही.

व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांच्या, अ‍ॅम्प्लिफायरचं थोडं वेगळं आहे. त्याचा आउटपुट इंपीडन्स (विजेला होणारा आतला अडथळा) ३ ओहम धरला आणि स्पीकर एका कंपनसंख्येला ६, दुसरीला ३० ओहम दाखवत असेल, तर त्या दोन पट्ट्यांत सुमारे पावणेतीन डेसिबलचा फरक पडतो. म्हणजे स्पीकर बदलला की ‘गोडवा’ही बदलतो. विकत घेतलं ते नेमकं काय, हा प्रश्न उरतोच.

आणि खोली! १० बाय १० ची खोली, वर १० फुटांवर स्लॅब. तिन्ही बाजूंचा घुमारा ५६-५७ हर्ट्झला एकत्र येतो, आणि डग्गा भुंभुं करू लागतो. त्यासाठी नवा अ‍ॅम्प्लिफायर घेऊ नये. स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दोनेक फूट पुढे आणावेत, खुर्ची मागच्या भिंतीला टेकवू नये. खर्च शून्य.

रंग मुळीच नको असंही नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या ७८ गतीच्या तबकड्यांत वरच्या पट्टीत खरखरच जास्त. तिथे ट्रेबल खुशाल उतरवावा. टोनचं बटण परत मध्यावर आणता येतं, स्पीकरच्या खोक्यात मुरलेला रंग काढता येत नाही.

सांगली-मिरजेतल्या दुकानदारांना एवढीच विनंती: यंदा डेमोला धमाकेदार गाण्यांसोबत एक तंबोरा ठेवा, आणि दोन स्पीकरांची पातळी जुळवून मगच बटण गिऱ्हाइकाच्या हाती द्या.

— एक वाचक, मिरज