घाट डोळ्यानं उतरायचा

आदरणीय नाना,

साष्टांग नमस्कार.

समोर बसून आभार मानायला लागले की तुम्ही "चहा घे माय" म्हणता आणि विषय कपाशीवर नेता. म्हणून लिहिते आहे. आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण वाळूजला आमच्या कारखान्यातल्या शॉपमधली पोरं सारखी विचारतात, "ताई, जर्मनीतल्या ट्रॅकवर गाडी चालवायची तयारी कुठं केली?" मी सांगते, कन्नडच्या घाटात, एसटीतून निवृत्त झालेल्या माणसाकडे. त्यांना ते खरं वाटत नाही. तेव्हा तुम्ही माझ्यासाठी नेमकं काय केलंत, ते एकदा नीट मांडायला हवं.

व्हिसा परवा हातात आला. पुढच्या महिन्यात निघते.

गेल्या दिवाळीत तुमच्या ओट्यावर बसून मी पहिल्यांदा न्यूरबुर्गरिंगचं नाव काढलं. घरात तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मी अकरा वर्षं ब्रेकच्या डिस्क तपासते. जगभरच्या कंपन्या ज्या रस्त्यावर नव्या गाड्या नेतात, त्यांचे ब्रेक, टायर, सस्पेन्शन पारखून घेतात, तो रस्ता एकदा स्वतः चालवून बघायचा, एवढीच इच्छा होती. पश्चिम जर्मनीत आयफेल नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथं न्यूरबुर्ग गावच्या जुन्या किल्ल्याला वळसा घालत हा ट्रॅक जंगलातून फिरतो. आपल्या देवगिरीभोवती कुणी वीस किलोमीटरचा घाटरस्ता काढावा, तसा. त्यातला जुना मोठा फेरा म्हणजे नॉर्डश्लाइफ: २०.८ किलोमीटर, सत्तरच्या वर वळणं, आणि सगळ्यात खालच्या नि सगळ्यात वरच्या जागेत सुमारे ३०० मीटरचा चढउतार. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळेत तो सगळ्यांसाठी खुला असतो. एका फेरीचे तीस-पस्तीस युरो, म्हणजे तीन-साडेतीन हजार रुपये भरायचे आणि फाटकातून आत जायचं.

तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि तीनच प्रश्न विचारलेत. गाडी कोणाची? ठोकली तर भरणार कोण? आणि मागून येणाऱ्याला तू साईड कशी देणार?

माझी अख्खी सहल या तीन प्रश्नांवर बेतली गेली.

गाडीचं आधी सांगते. शहरातल्या एका एजंटानं मला छातीठोकपणे सांगितलं होतं की विमानतळावर मिळेल ती भाड्याची गाडी घ्या आणि खुशाल ट्रॅकवर न्या, कोणी विचारत नाही. तुम्ही म्हणालात, कागद मागव. करारपत्र आलं, ते तुम्ही मला मोठ्यानं वाचून त्याचं मराठी करायला लावलंत. त्यात ट्रॅकवर न्यायला साफ मनाई होती. तरी नेली आणि काही झालं, तर विमा हात वर करतो. मग गाडीचं नुकसान, वाकलेला लोखंडी कठडा, गाडी उचलून न्यायचा खर्च, ट्रॅक थांबवावा लागला तर त्याचेही पैसे, सगळं चालवणाऱ्याच्या अंगावर. ते कलम वाचून झाल्यावर तुम्ही बराच वेळ बोलला नाहीत. एसटीत असताना एका ड्रायव्हरच्या पगारातून कित्येक महिने नुकसानभरपाई कापली गेलेली तुम्ही पाहिली होती, हे मला नंतर काकूंकडून कळलं.

त्यानंतर शोध घेतला तेव्हा समजलं की ट्रॅकच्या आसपासच्या गावांत याच कामासाठी गाड्या भाड्यानं देणारे आहेत. त्यांच्या करारात, नुकसान झालं तर आपण जास्तीत जास्त किती भरायचं, तो आकडा लिहिलेला असतो. तुमचं म्हणणं एवढंच होतं: "त्यो आकडा तुझ्या पासबुकात हाय का बघ. नसंल तर लहान गाडी घे." माझा डोळा मोठ्या इंजिनाच्या गाडीवर होता. मी लहान घेतली, ऑटोमॅटिक. चार फेऱ्या घ्यायच्या, त्यातल्या पहिल्या दोन शेजारी तिथला शिक्षक बसवून. दिवस शनिवार-रविवारचा नको, तेव्हा गर्दी फार असते. मधल्या वारी संध्याकाळी दोनेक तास ट्रॅक उघडतो, ती वेळ धरली. हेही तुमचंच: "जत्रंच्या दिवशी गाडी शिकत नसतात."

पण नाना, खरे आभार तिसऱ्या प्रश्नाचे आहेत.

ट्रॅक म्हटलं की लोकांना शर्यत वाटते. मलाही तसंच वाटत होतं. प्रत्यक्षात या खुल्या वेळेत तो एकेरी वाहतुकीचा टोलरस्ता धरला जातो आणि जर्मनीचे रस्त्याचे नेहमीचे नियम तिथं लागू असतात. शर्यत लावायची नाही, घड्याळ लावून वेळ मोजायची नाही, चालवताना व्हिडिओ काढायचा नाही. उजवीकडून चालायचं, ओलांडायचं फक्त डावीकडून. मागून वेगवान गाडी आली की उजवा इंडिकेटर देऊन आपल्या बाजूला राहायचं, म्हणजे तिला कळतं की आपण तिला पाहिलंय. एकाच रस्त्यावर नवशिके असतात आणि हजार फेऱ्या मारलेलेही असतात. त्यामुळे नवशिक्यानं पुढं जितकं बघायचं तितकंच आरशात बघायचं.

हे मी वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मंग ह्ये तर साईड देणं झालं. साईड देणारा हारत नसतो, माय. त्याच्या हातात रस्ता असतो." आणि दुसऱ्या रविवारपासून आपल्या पहाटा सुरू झाल्या.

साडेपाचला कन्नड सोडायचं, चाळीसगावच्या बाजूला घाट उतरायचा, खाली टपरीवर चहा घ्यायचा, परत चढायचं. गाडी माझी, शेजारी तुम्ही, मांडीवर डबा. वेग चाळीसच्या वर तुम्ही कधी जाऊ दिला नाही. पहिल्या दिवशी मी वळणात ब्रेक दाबला आणि तुम्ही म्हणालात, "घाट डोळ्यानं उतरायचा, पायानं न्हाई." वळण यायच्या आधी, गाडी सरळ असतानाच वेग कमी करायचा, गिअर खाली घ्यायचा, आणि नजर वळणाच्या पलीकडं टाकायची. याचं शास्त्र मला माहीत होतं. टायरची पकड एकच असते. ती ब्रेकला दिली तर वळायला उरत नाही. डिस्क तापत गेली की पॅडची पकड घटते, ऑइल उकळलं की पेडल पोकळ जातं. आम्ही त्याला फेड म्हणतो, तुम्ही "ब्रेक मऊ पडले" म्हणता. अकरा वर्षं मी ते आलेखावर बघत आले होते. पन्नास माणसं पाठीशी घेऊन उतरणाऱ्या माणसाला ते तळपायातून कळतं, हे मला त्या पहाटांनी शिकवलं.

आणि तुमचे ते दोन सवाल. वळण दिसायच्या आधी: "पुढं काय?" वळण संपता संपता: "मागं कोण?" उत्तर देताना आरशात बघायला गेले की चूक. बघून ठेवलेलं असायला हवं. तिसऱ्या महिन्यात मी न विचारता सांगायला लागले, पांढरी पिकअप, तिच्यामागं मोटारसायकल, दिवा एकच. तुम्ही मान हलवलीत. त्या दिवशी आपण दोन चहा घेतले.

भाच्याच्या कॉम्प्युटरवर आपण ट्रॅकच्या फेऱ्या पाहिल्या, ते मला फार जपून ठेवायचं आहे. तुम्ही प्रत्येक वळणाच्या नावाचा अर्थ विचारायला लागलात. "नाव कळलं की वाट ध्यानात राहते," म्हणालात, आणि ते खरं निघालं. फुक्सरोरे म्हणजे कोल्ह्याचं भुयार. बेर्गवेर्क म्हणजे खाण. ब्रुन्शेन म्हणजे लहानसा झरा. श्वाल्बेनश्वान्त्स, पाकोळीचं शेपूट. गाल्गेनकोप्फ, फाशीचा माथा. फ्लान्त्सगार्टेन ही रोपवाटिका. तुम्ही वहीत सगळी मराठीत ओळीनं लिहून काढलीत, तुमच्या डेपोतले लोक घाटातल्या वळणांना नावं ठेवायचे तशी. कारुसेल हे काँक्रीटचं, आतून खोलगट वळण आलं तेव्हा तुम्ही म्हणालात, ही तर जायकवाडीच्या कालव्याची चारी, हिच्यात चाक घालून फिरायचं. आता मला ते वळण दुसऱ्या कुठल्या नावानं आठवतच नाही.

कोल्ह्याच्या भुयाराशी तुम्ही फीत थांबवलीत. रस्ता वेगात खाली दरीत जातो, तळाला गाडी दबते आणि लगेच चढ लागतो. "वर काय हाय ते दिसत न्हाई," तुम्ही म्हणालात. "खाली घेतलेला वेग वर फेडावा लागंल." वर आडेनाउअर फोर्स्टची डावी-उजवी वळणं आहेत, आणि जोरात आलेले कितीतरी नवखे तिथं सरळ गवतात जातात. हे मी तुम्हाला सांगितलेलं नव्हतं.

बेर्गवेर्कच्या अलीकडं १ ऑगस्ट १९७६ रोजी फॉर्म्युला वनच्या शर्यतीत निकी लाउडा या ड्रायव्हरची गाडी पेटली, ती गोष्टही तुम्ही दोनदा ऐकलीत. ट्रॅक इतका लांब, की मदत वेळेत पोचणं कठीण. तुम्ही विचारलंत, "मंग बाहेर काढलं कोणी?" मागून आलेल्या ड्रायव्हरांनी. आपल्या गाड्या थांबवून, आगीत हात घालून. सहा आठवड्यांनी लाउडा पुन्हा शर्यतीत उतरला. फॉर्म्युला वनची शर्यत मात्र त्यानंतर नॉर्डश्लाइफवर कधीच झाली नाही. तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि एवढंच बोललात, "घाटात मागचाच माणूस आपला असतो."

मी त्यानंतर उजवा इंडिकेटर देणं हा नियम म्हणून पाठ करणं सोडून दिलं.

एक गोष्ट मी तुम्हाला उशिरा सांगितली, ती आधी सांगायला हवी होती. हा ट्रॅक १९२५ ते १९२७ या काळात बांधला, तो आयफेल हा गरीब भाग होता म्हणूनही. लोकांच्या हाताला काम मिळावं, हा त्यामागचा एक हेतू होता. हे ऐकल्यावर तुम्ही पहिल्यांदा बहात्तरच्या दुष्काळाचं बोललात. अठराव्या वर्षी खडी फोडलेली. सुकडी. लाल मिलोची भाकरी. रस्त्याच्या कामावर बाप आणि लेक एकाच ढिगाशी बसलेले. नंतर त्याच रस्त्यावरून तुम्ही एसटी चालवलीत, आणि तो तुकडा आला की गाडी जरा हळू घ्यायचात. मी इतकी वर्षं समोर राहते, मला हे माहीत नव्हतं. जॅकी स्ट्युअर्ट या शर्यतीच्या ड्रायव्हरनं त्या ट्रॅकला "हिरवा नरक" म्हटलं, ते नाव जगभर झालं. तुम्हाला ते आवडलं नाही. "हिरव्याला नरक म्हणू नये," म्हणालात. मीही आता म्हणत नाही.

बाकीची तयारी थोडक्यात लिहिते, विचारणाऱ्या पोरांसाठी. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला. तो वर्षभर चालतो, पण मूळ परवाना सोबत लागतोच. शेंगेनच्या, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या, व्हिसाला किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, आणि अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो. तिथं स्टिअरिंग डावीकडं. त्यासाठी तुम्ही मला बंद गाडीत डाव्या सीटवर बसवलंत आणि रस्त्याची उजवी कड किती लांब वाटते ते पुन्हापुन्हा बघायला लावलंत. पोचल्यावर पहिला दिवस फक्त साध्या रस्त्यांवर चालवणार, ट्रॅकचं फाटक दुसऱ्या दिवशी. आयफेलात एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला पाऊस असतो. पाऊस असला तर बाहेर उभी राहून बघणार आणि परत येणार. हे कबूल करून घेतल्याशिवाय तुम्ही वही माझ्या हातात दिली नाहीत.

वही बॅगेत ठेवली आहे, परवान्याच्या फाईलशेजारी.

शेवटची फेरी झाली की लगेच हँडब्रेक ओढायचा नाही, तापलेल्या डिस्कला ते सोसत नाही, हे लक्षात आहे. गाडी निवांत फिरवून गार करीन, मग लावीन, मग फोन. तिथं संध्याकाळचे साडेपाच म्हणजे आपल्याकडं रात्रीचे नऊ. फेऱ्या संपायला साडेदहा होतील. तुम्ही साडेआठला झोपता, पण त्या रात्री काकूंना सांगून जागे राहा. फोन आल्यावर तुम्ही आधी काय विचाराल ते मला माहीत आहे. मागं कोण कोण होतं, ते सगळं लक्षात ठेवून सांगीन.

तुमची,
समोरच्या घरातली लेक
छत्रपती संभाजीनगर