मिरजेच्या काकांना, आजोबांच्या चाकूबद्दल

काका,

साष्टांग नमस्कार. तुमचं नाव लिहायचं नाही, ही अट पाळतोय. पण जाहीर आभार मानू नकोस असं तुम्ही म्हणाला नव्हता.

आजोबांचा तो घडीचा चाकू, इंग्लंडमधल्या शेफील्डच्या रॉजर्स कंपनीचा. पात्याच्या बुडाशी चांदणी आणि क्रॉस, मुठीला सांबरशिंग. शाळेतल्या पोरांचे बोरू त्यांनी याच चाकूनं तासले. दगडावर घासून घासून पातं निम्मं राहिलेलं.

बाकीची वाट मी लावली. गंज काढायला ग्राइंडरवर धरलं, तर टोक निळं पडलं. पातं डुगडुगतं म्हणून रिव्हेटवर हातोडी चालवली, तर ते इतकं आवळलं की उघडताना पाठीची स्प्रिंग कट्कन मोडली आणि मुठीची एक बाजूही फुटली. एका दुकानात 'नवा घ्या' म्हणाले. तुम्ही तो निळा डाग बघून एवढंच विचारलंत, "हे कुणी केलं?" मी खाली बघितलं.

टोकाचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं होतं. तुम्ही तेवढाच भाग ऑइल स्टोनवर हातानं घासून काढलात, मोटर लावली नाही. पात्यावरचे काळे डागही तसेच ठेवलेत. पॉलिश मारा म्हणालो तेव्हा ऐकून न ऐकल्यासारखं केलंत, ते बरं झालं.

स्प्रिंग मात्र नवी करावी लागली. जुनी कानस लाल करून रात्रभर राखेत पुरलीत, मऊ झाल्यावर तिला दुसऱ्या कानशीनं आकार दिलात. मग पुन्हा तापवून, लोहचुंबक चिकटेनासं झाल्यावर तेलात बुडवलीत. शेवटी घासून चकचकीत केलेली ती पट्टी मंद आचेवर धरून तुम्ही रंगाची वाट बघत बसलात. आधी पिवळा, मग तपकिरी, जांभळा, आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. ज्या निळ्यानं माझं पातं बिघडवलं तोच स्प्रिंगला हवा असतो, हे मला त्या दुपारी कळलं. रिव्हेट ठोकताना पातं आणि मुठीच्या आतला पितळी पत्रा यांच्या मधे पातळ पट्टी सरकवलीत, नंतर ओढून काढलीत. तेवढीच फट. मी हातोडीनं नेमकी तीच खाल्ली होती.

सांबरशिंगाचा तुकडा मी कुठूनतरी मिळवणार होतो. तुम्ही १९७२ च्या वन्यजीव कायद्याची आठवण करून दिलीत, आणि सतारीच्या तारांखालच्या घोडीतून उरलेलं उंटाचं हाड बसवलंत. चहाच्या पाण्यात ठेवूनही ते जुन्या बाजूशी जुळलं नाही. "न जुळलेलंच बरं, कुठलं काय ते कळतं," म्हणालात. दोनशे रुपये सांगितलेत, आणि जास्त देऊ लागलो तर रागावलात.

परवा बाबांच्या हातात चाकू दिला. त्यांनी उघडला, मिटला, खटका ऐकला. परत उघडला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पेरू आण म्हणाले.

तुमचा,
सांगलीचा ग्राइंडरवाला