एपी हिस्टरीला दहावीचे टक्के लावू नका

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. कालच्या पुरवणीत अमेरिकेतल्या मुलांच्या एपी यूएस हिस्टरीच्या, म्हणजे शाळेत असतानाच देतात त्या कॉलेजच्या पातळीच्या अमेरिकन इतिहासाच्या परीक्षेच्या, मार्कांवर जो लेख आलाय तो वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. सगळ्यात वरचा स्कोअर, ५, मिळवायला नव्वद टक्के लागतात हे लेखकांना कुणी सांगितलं? ५५ एमसीक्यूंना (पर्यायांतून उत्तर निवडायचे प्रश्न) ४० टक्के वजन, तीन छोट्या उत्तरांना २०, डीबीक्यूला (दिलेल्या ऐतिहासिक कागदांच्या आधारे लिहायचा निबंध) २५, मोठ्या निबंधाला १५, हे सगळं एकत्र करून मग १ ते ५ मधला आकडा मिळतो, त्यात नव्वद टक्के कुठेच येत नाहीत. आणि २०२३ ला ३ किंवा त्याच्या वर गेलेली मुलं निम्म्याहून कमी होती, २०२४ ला तीच सत्तर टक्क्यांच्या पुढे गेली, कारण स्कोअर ठरवायची पद्धत बदलली. याचा लेखात एका ओळीचाही उल्लेख नाही.

पण खरा राग आला तो 'चुकीच्या उत्तराला मार्क कापतात' हे वाचून. अहो, एपीत ते २०११ पासून बंद आहे! माझ्या मुलीला आमच्या इथल्या एका क्लासमध्ये हेच सांगितलं होतं, खात्री नसेल तर सोडून दे, आणि तिने मे महिन्यात खऱ्या पेपरात खरंच प्रश्न सोडले. अंदाजाने उत्तर दिलं असतं तरी नुकसान काहीच नव्हतं. जुलैत स्कोअर आला तेव्हा पोरगी दिवसभर खोलीतून बाहेर आली नाही.

त्याच क्लासमध्ये डीबीक्यू भाषेवर तपासायचे, इंग्रजी छान आहे, दहापैकी आठ. खरं तर तिथे पॉइंट फक्त ७ आणि प्रत्येक पॉइंट कशाचा ते ठरलेलं. न्यू डीलवर, म्हणजे मंदीतून देशाला सावरायला रूझवेल्टनी आणलेल्या योजनांवर, प्रश्न असेल तर 'चांगले-वाईट दोन्ही परिणाम झाले' एवढ्यावर थीसिसचा, म्हणजे निबंधातल्या मुख्य दाव्याचा, पॉइंट मिळत नाही, का आणि कसे ते मांडावं लागतं. १९२९ च्या मंदीपासून सुरुवात करून पार्श्वभूमी नीट दिली की एक, दिलेल्या ७ कागदांपैकी निदान ४ आपल्या मुद्द्यासाठी वापरले की दोन, कागदांत नसलेला १९३५ चा वॅगनर कायदा (कामगारांना संघटना करायचा हक्क देणारा) मुद्द्याला जोडून आणला की अजून एक. मग निदान दोन कागदांबद्दल ते कुणी, कुणासाठी, का लिहिले आणि त्याने मुद्द्यात काय फरक पडतो त्याचा एक, आणि शेवटचा विषयाची गुंतागुंत दाखवल्याचा, तो सगळ्यात अवघड. स्पेलिंगचे मार्क जात नाहीत. हे मला तिच्या शाळेतल्या बाईंनी समजावलं, तेही स्कोअर लागल्यानंतर, आणि ही सगळी माहिती परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या साइटवर फुकट आहे हेही त्यांच्याकडूनच कळलं, आम्ही मात्र क्लासला पैसे मोजत बसलो.

तुमचा पेपर इथले कितीतरी आईवडील मोबाईलवर वाचतात आणि मुलांना तेच सांगतात. म्हणून दुरुस्ती छापा, आणि पहिल्या पानावर छापा, कोपऱ्यात नको.



एक आई, एडिसन, न्यू जर्सी