व्हिटबीहून आल्यावर वैशूला

लीड्स,
१४ ऑक्टोबर

प्रिय वैशू,

परवा तुझा फोन आला तेव्हा आम्ही परतीच्या बसमध्ये होतो. रेंज सारखी जात होती, त्यामुळे धड बोलणं झालंच नाही. काकांचं सराफीचं दुकान सोडून पुण्यातली नोकरी घ्यावी का, हे तू जे विचारलंस ते मात्र डोक्यातून जात नाहीये. म्हणून निवांत लिहायला बसले.

शनिवार-रविवार वर्गातली आम्ही काहीजणं व्हिटबीला गेलो होतो. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं छोटं गाव. बस यॉर्क, माल्टन, पिकरिंग करत जाते आणि मग माळ लागतो तो संपतच नाही. झाड नाही, घर नाही, हेदरची खुरटी झुडपं आणि मेंढरं. इचलकरंजीची सायली आहे ना, तिच्या घरून आलेलं भडंग यॉर्क यायच्या आतच संपलं. लसणाच्या वासाला आधी बिचकलेली आमची नायजेरियन मैत्रीण शेवटी डब्याचा तळ पुसून खात होती.

गाव एस्क नदीच्या मुखाशी आहे. दोन्ही काठांवर लाल कौलांची घरं, मध्ये एक फिरता पूल. दुपारी पोचलो तेव्हा ओहोटी होती, होड्या चिखलात कुशीवर पडलेल्या. संध्याकाळी येऊन बघतो तर त्याच होड्या धक्क्याला लागून तरंगताहेत आणि एका बोटीला वाट द्यायला पूल उघडलाय. लोक दोन्हीकडे गप्पा मारत थांबलेले. मोठ्या भरतीला पाणी पंधरा फुटांच्या आसपास चढतं आणि सहा तासांत उतरतं, दिवसातून दोनदा. आपण तर सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर गेलं हे विचारतच मोठ्या झालो. ४० ला इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या पुरात काकांनी रात्रीतून दुकानातला माल मिरजेला मामांकडे हलवला होता, ते मला अजून आठवतं. नदी चढताना दिसली की माझ्या पोटात गोळा येतो. इथे मी कठड्याला धरून उभी राहिले. दगडावरचं शेवाळ वीत वीत पाण्याखाली जात होतं आणि शेजारी एक आजोबा गळ टाकून बसले होते. बाकीचे जेवायला गेले, तरी अंधार पडेपर्यंत माझा पाय निघेना.

दुसऱ्या दिवशी १९९ पायऱ्या चढून वरच्या मठाकडे गेलो. आता नुसत्या भिंती आणि कमानी उरल्यात, वारा आरपार जातो. इथला पहिला मठ ६५७ सालचा आणि त्याची प्रमुख हिल्डा नावाची बाई. पुरुष आणि बायका, दोघांनाही तिच्याच हाताखाली शिस्तीत राहावं लागे. तिनं इथल्या सापांचे दगड केले अशी आख्यायिका आहे. ते दगड म्हणजे अमोनाइट, वेटोळं घातलेल्या समुद्री प्राण्याचे जीवाश्म. पूर्वी इथले कारागीर त्यांना सापाचं तोंड कोरून विकायचे. काकूंच्या देवघरातला शाळिग्राम आहे ना, तोही अमोनाइटच. काकूंना हे नक्की सांग, त्यांना फार आवडेल.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितेय ते सांगते. इथे जेट नावाचा काळा दगड मिळतो. दगड म्हणायचं इतकंच, खरं तर ते सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीचं लाकूड आहे. समुद्रात वाहून आलं, गाळात दबलं आणि आता इथल्या कड्यांमधून निघतं. वजनाला अगदी हलकं, आणि हातात घेतलं की काचेसारखं गार लागत नाही. १८६१ मध्ये नवरा गेल्यावर व्हिक्टोरिया राणीनं काळे कपडे धरले आणि हे जेटचे दागिने घालू लागली. मग सगळ्या देशातच दुखवट्याला जेट घालायची रीत वाढली. तेव्हा या एवढ्याशा गावात हजाराहून जास्त माणसं हेच काम करायची. आपल्याकडे काळे मणी सौभाग्याचे, तिथे तसेच काळे मणी वैधव्याचे. तुझे मंगळसूत्र गाठवणारे हात डोळ्यांपुढे आले आणि मी काचेपाशी बराच वेळ उभी राहिले.

एका गल्लीत छोटं दुकान होतं, मागेच कारखाना. आपल्या आईच्या वयाची एक बाई चाकावर मणी घासत बसली होती. दगड काळाकुळकुळीत, पण तिच्या एप्रनवर, बोटांवर, चष्म्यावर सगळी तपकिरी भुकटी. मी विचारलं, असं कसं? तिनं चाक थांबवलं, बिनझिलईच्या चिनीमातीचा एक तुकडा घेतला आणि मणी त्यावर ओढला. तपकिरी रेघ उमटली. मग काळ्या काचेचा मणी ओढला. तशी रेघ नाही. काका कसोटीवर सोनं घासून कस बघतात ना, अगदी तस्सं! गिऱ्हाइकानं न मागता ती हे प्रत्येकाला करून दाखवते. दुखवट्याची फॅशन गेली तसा हा धंदा जवळजवळ बसला होता. आता मोजकेच कारागीर उरलेत. पण ती म्हणाली की काम भरपूर आहे, हात कमी पडतात.

वैशू, तू म्हणालीस की काकांचं वय झालं, मोठ्या शोरूमपुढे टिकाव लागत नाही, पुण्यातली नोकरी घ्यावी असं वाटतंय. तुझ्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, मी इथे बसून तुला उपदेश करणार नाही. पण सराफ कट्ट्यावर तुझ्याइतकी सुबक गाठवण करणारं मी कुणी पाहिलं नाही. कसोटीवरची नुसती रेघ बघून कस सांगणारी तुझी नजरही काकांचीच आहे. दिवाळीपर्यंत तरी नोकरीला हो म्हणू नकोस. काकांनाच विचार, दुकान लहान करून नुसतं गाठवणीचं आणि दुरुस्तीचं काम ठेवलं तर चालेल का. त्यांना हे कुणी विचारलंच नसेल.

सायली दिवाळीला घरी येतेय. तिच्याबरोबर जेटचा एक न घासलेला तुकडा आणि दोन मणी पाठवतेय. मण्यांना भोकं पाडलेली नाहीत, जपून पाड, ठिसूळ असतात. सोन्याच्या बारीक मण्यांबरोबर ते ओवता येतील का, आणि आपल्याकडे कुणी घालेल का, ते मला स्पष्ट लिही.

काका-काकूंना नमस्कार.

तुझी,
मनू