गर्दवरची गोळी साध्या दवाखान्यातही मिळू द्या

माननीय आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

मी एमबीबीएस डॉक्टर आहे, मानसोपचारतज्ज्ञ नाही. काही वर्षं मुंबईतल्या एका ओएसटी केंद्रावर, म्हणजे गर्द (हेरॉइन) घेणाऱ्यांना त्याऐवजी औषध देणाऱ्या केंद्रावर होते, आता दवाखान्यात ताप, बीपी, मधुमेह बघते. केंद्रावर रोज सकाळी रांगेतल्या प्रत्येकाच्या जिभेखाली ब्युप्रेनॉर्फिनची, म्हणजे गर्दची तलफ आणि त्रास आवरणारी गोळी ठेवायची आणि ती विरघळेपर्यंत त्याला समोर बसवायचं, हे माझं काम होतं.

सुरुवातीलाच माझ्या हातून चूक झाली. एक जण "टर्की लागलीय" (गर्द न मिळाल्याने त्रास सुरू झालाय) म्हणाला आणि मी नीट न तपासता गोळी दिली. गर्द अजून त्याच्या अंगात होतं. थोड्याच वेळात तो घामाने निथळत, पोट धरून लादीवर आडवा झाला. अशा वेळी ही गोळी त्रास उलट वाढवते, हे प्रशिक्षणात ऐकलं होतं. समजलं त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, यातच सगळं आलं. मी माफी मागितली. मग जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा येईपर्यंत त्याला थांबवलं आणि गोळी दिली. ती लागू पडली. काही महिन्यांनी तो मंडईत हमालीला जायला लागला. हे काम माझ्यासारखा साधा डॉक्टर शिकू शकतो, इतकंच मला यातून सांगायचं आहे.

पण ते केंद्र एचआयव्ही रोखण्याच्या कार्यक्रमातलं, सुई टोचणाऱ्यांसाठीचं. पन्नीवर गर्द ओढणाऱ्या एका पोराला घेऊन त्याची आई आली, तेव्हा मला त्याचं नाव नोंदवता आलं नाही. मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी दिली. ती म्हणाली, "म्हणजे सुई घ्यायला लागला की आणू?"

आज दवाखान्यात मी तीच, पदवीही तीच, पण ही गोळी देता येत नाही. ती व्यसनमुक्तीची सोय असलेल्या ठिकाणीच पुरवली जाते. २०१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणाप्रमाणे देशात सुमारे ७७ लाख लोकांना अफूजन्य पदार्थांच्या सेवनामुळे मदतीची गरज आहे. एवढ्यांना मोजकी केंद्रं कशी पुरणार? पंजाबने २०१७ पासून बाह्यरुग्ण केंद्रांतून हेच औषध द्यायला सुरुवात केली.

गोळ्या बाहेर विकल्या जातात, कुस्करून टोचल्या जातात, ही भीती खरी आहे. म्हणूनच नॅलोक्सोन हे नशा अडवणारं औषध मिसळलेली गोळी असते; ती टोचली तर नशेऐवजी टर्कीच लागू शकते. "एक नशा सोडवून दुसरी लावता," असं मला सहकारी डॉक्टरही म्हणाले आहेत. मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं चालते, तेव्हा असं कुणी म्हणत नाही.

माझी मागणी मोठी नाही. केंद्रावर डोस बसलेल्या माणसाला पुढची गोळी घराजवळच्या दवाखान्यात, आठवड्याची एकदम मिळू द्या. अडलं तर विचारायला मानसोपचारतज्ज्ञाचा फोन असू द्या. नोंदवही तपासायला कुणी आलं तर डॉक्टर एकटा पडणार नाही, असा लेखी आदेश काढा. आणि पन्नी ओढणाऱ्यांनाही दार उघडा. त्या आईला द्यायचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

आपली विश्वासू,
एक वैद्यकीय अधिकारी, मुंबई